मांडवगडचे अंतर

पुण्याहून मांडवगड किती दूर, असा प्रश्न कोणी केला तर आज त्याचे उत्तर एका दमात देता येते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर हे अंतर साडेचारशे किलोमीटरांहून किंचित अधिक भरते. नाशिक, धुळे, सेंधवा या वाटेने मोटारीने गेल्यास साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर पडतात. विमानाने जावयाचे तर पुणे ते इंदूर हा सुमारे पाचशे किलोमीटरांचा आकाशमार्ग सव्वा तासाच्या आसपास संपतो. तेथून धारवरून मांडूपर्यंतच्या सुमारे शंभर किलोमीटरांच्या रस्त्याला मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

हे आकडे खरे आहेत. परंतु इतिहासाच्या वाचकाने एवढ्यावर थांबू नये. हेच अंतर पूर्वी कोणी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या कामासाठी तोडले हे पाहू गेल्यास दोन गोष्टींचा उलगडा होतो. माळव्यात मराठ्यांची राज्ये का उभी राहिली ही पहिली गोष्ट. आणि त्या दूरच्या मुलखाचा आमच्या गोव्याकडील देवस्थानांशी संबंध कसा जडला ही दुसरी. या दोहोंचा विचार करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मांडूचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. विंध्याचा जो कडा माळव्याचे पठार संपवून निमाडच्या सखल प्रदेशात उतरतो, त्याच्या अगदी टोकावर हा किल्ला आहे. संस्कृत लेखांतील मंडपदुर्ग तो हाच. मराठी कागदांत त्याला मांडव किंवा मांडवगड म्हणतात. परमारांची राजधानी धार येथून सुमारे पस्तीस किलोमीटरांवर. माळव्याच्या सुलतानांपैकी होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी राजधानी धारहून येथे आणली. रूपमतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सज्ज्यावरून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे खाली हजार फुटांच्या उताराखाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर त्यापलीकडे नर्मदेची रेघ दिसते. उत्तरेकडून येणाऱ्याला मांडू हा शेवटचा मुक्काम होता. दक्षिणेकडून येणाऱ्याला तो पहिला दरवाजा होता.

या स्थानाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. अजमेर ते मांडू हे सरळ रेषेतले अंतरही सुमारे ४६० किलोमीटरच भरते. म्हणजे अजमेर आणि पुणे ही दोन्ही शहरे मांडूपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. एकाच अंतराचे दोन प्रवास ताडून पाहण्याची अशी संधी इतिहासात क्वचित मिळते.

उत्तरेकडील प्रवासाचा हिशेब खुद्द बादशहाने लिहून ठेवला आहे. जहांगीर अजमेरहून निघाला आणि १६१७ च्या मार्चमध्ये मांडूस पोहोचला. आपल्या आठवणींत त्याने ही वाट १५९ कोसांची सांगितली असून ती तोडण्यास ४ महिने २ दिवस लागले, त्यात ४६ कूच आणि ७८ मुक्काम झाले असे नमूद केले आहे. भागाकार केला तर एका कुचास साडेतीन कोसही पुरते पडत नाहीत. एखादा म्हातारा वारकरीसुद्धा याहून भरभर चालतो! परंतु बादशहाला घाई नव्हती. दरबार, दफ्तर, खजिना, जनाना, बाजार हे सर्व त्याच्याबरोबर चालत होते. तो जेथे थांबे तेथे राजधानी उभी राही. वाटेत उज्जैनजवळ जदरूप नावाच्या एका विरक्त संन्याशाच्या गुहेकडे तो मुद्दाम गेला आणि त्याच्याशी बोलत बसला. ७८ मुक्कामांतील हा मुक्काम त्याला विशेष महत्त्वाचा वाटला असे त्याच्या लिखाणावरून दिसते. पुढे तो सारा पावसाळा त्याने मांडूवर काढला.

त्याचा पिता अकबर याच्या वेळचीही एक खूण मांडूत आहे. कड्याच्या पोटात नीलकंठ नावाची वास्तू आहे. अकबराच्या कारकिर्दीत १५७४ साली शाह बुदाग खान या अधिकाऱ्याने ती बांधली. दक्षिणेच्या मोहिमेतील विजयाचा आणि ऐश्वर्याच्या क्षणभंगुरतेचा उल्लेख करणारे फारसी लेख तिच्या भिंतीवर आहेत. आज त्याच वास्तूत शिवलिंगाची पूजा चालते आणि शेजारून पाण्याची पन्हळ वाहते. दिग्विजयासाठी निघालेल्या बादशहांची वाट आणि महादेवाच्या भक्तांची वाट येथे एका उंबरठ्यावर येऊन मिळते.

आता दक्षिणेकडील वाट पाहू. कोसांच्या संख्येने ती उत्तरेकडील वाटेएवढीच असली तरी चालणाऱ्याच्या पायांना ती निराळी होती. पुण्याहून निघालेल्या स्वाराला भीमेच्या उपनद्या, मग गोदावरी, मग खानदेशात गिरणा आणि तापी ओलांडाव्या लागत. त्यानंतर सातपुड्याचे रान. त्यानंतर नर्मदा, आणि नर्मदा उतरून निमाड ओलांडल्यावर विंध्याचा घाट चढावयाचा. अकबरपूरचा जो प्रसिद्ध उतार होता तो आजच्या खलघाटच्या जवळ. तेथे पाणी उतरलेले असेल तर सैन्य दिवसभरात पार होई. नदी भरलेली असेल तर एकशेसाठ कोस आणि एक हजार कोस यांत काहीच फरक राहत नसे.

आमच्या वाचकांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. कोणत्याही धर्मकार्याच्या आरंभी संकल्प सोडताना आपण स्थळ सांगतो ते नदीच्या तीरावरून सांगतो. अमुक नदीच्या दक्षिण तीरी किंवा उत्तर तीरी असे म्हणतो. कोसांचा तेथे उच्चार नाही. नदी ओलांडली की संकल्प बदलतो. तीच गोष्ट कालगणनेची. नर्मदेच्या दक्षिणेस शालिवाहन शक आणि अमान्त महिने, उत्तरेस विक्रम संवत आणि पौर्णिमान्त महिने, अशी परंपरागत विभागणी आहे. पितृपक्ष आपल्याकडे भाद्रपद वद्यात येतो. माळव्यात तोच पंधरवडा आश्विन कृष्ण म्हणून ओळखला जातो. श्राद्धाची तिथी तीच, पितर तेच, महिन्याचे नाव मात्र निराळे. मराठी घरे माळव्यात गेली तेव्हा त्यांनी आपले पंचांग बरोबर नेले. आणि एकाच गावात एकाच दिवशी दोन महिने नांदू लागले. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात ‘हिंदुस्थान’ हा शब्द नर्मदेपलीकडच्या मुलखासाठी वापरलेला आढळतो. नदीच्या अलीकडे आपला देश, पलीकडे हिंदुस्थान, ही त्या काळची सरळ समजूत होती.

नद्यांचे हे बंधन ऋतूशी जोडलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, आणि मृगाच्या आत परतत. आठ महिने मुलूखगिरी, चार महिने घर. हा क्रम जोपर्यंत चालू होता तोपर्यंत मराठे माळव्यात पाहुणे होते, आणि पाहुणे म्हणूनसुद्धा यजमानाच्या नावडीचे. ते येत, खंडणी घेत आणि जात. पावसाळा लागला की मोगल सुभेदाराचे राज्य पुन्हा सुरू होई.

१७२८ साली हे चित्र पालटू लागले. दसऱ्यानंतर निघालेल्या चिमाजी अप्पांच्या फौजेने नोव्हेंबरच्या अखेरीस नर्मदा ओलांडली, घाट चढून ती पठारावर आली, आणि २९ नोव्हेंबर रोजी धारच्या पश्चिमेस असलेल्या अमझेरा येथे लढाई झाली. माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर हे दोघेही ठार झाले. चिमाजी अप्पांबरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे सरदार होते. पुढच्या दोनशे वर्षांत माळव्यावर ज्या घराण्यांनी राज्य केले त्यांचे मूळ पुरुष या एका रणांगणावर एकत्र दिसतात.

लढाई जिंकली तरी मुलूख लगेच हाती येत नाही. मांडवगड मराठ्यांनी घेतला, पण १७३० साली शाहू महाराजांनी तो किल्ला परत देण्याची आज्ञा केली. सवाई जयसिंगाशी असलेला स्नेह आणि बादशाहीविषयीचा आदर यांमुळे महाराजांस तसे वाटले. साताऱ्यात बसून दिलेली ही आज्ञा मांडूवर बसलेल्या उदाजी पवारांना पाळावयाची होती. वकिलीच्या धंद्यात ज्याने आयुष्य घालविले त्यास येथे थांबावेसे वाटते. हुकूम होणे ही एक गोष्ट आणि त्याची बजावणी होणे ही दुसरी. कोर्टाचा निशाणीशिक्क्याचा हुकूमसुद्धा ज्याच्यावर बजावावयाचा त्याच्या दारापर्यंत बेलिफ पोहोचेपर्यंत कागदच असतो. साताऱ्याहून निघालेला जासूद मांडूला पोहोचून उत्तर घेऊन परत येईपर्यंत कित्येक आठवडे जात. तेवढ्या काळात ज्या परिस्थितीवर हुकूम दिला ती परिस्थितीच बदललेली असे. मांडू त्या वेळी परत दिला गेला खरा, पण तो फार काळ दूर राहिला नाही. पुढे तो धारच्या पवारांच्या राज्यात आला आणि संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत तेथेच राहिला.

यावरून पेशव्यांनी जो धडा घेतला तो असा की, माळवा पुण्याहून जिंकता येईल, पण पुण्याहून सांभाळता येणार नाही. सांभाळावयाचा तर पावसाळ्यातही तेथे राहिले पाहिजे. आणि येथे आपल्या भाषेतील एक साधा शब्द पुढे येतो. तो म्हणजे छावणी. छावणे म्हणजे शाकारणे, गवताने किंवा पानांनी छप्पर घालणे. पावसाच्या चार महिन्यांत परमुलखात झोपड्या शाकारून राहणे ही मूळची छावणी. घराकडे परतण्याऐवजी माळव्यात छप्पर घातले गेले, तेव्हा स्वारीचे राज्य झाले. घोड्यांना वैरण लागली म्हणून कुरणे आली. कुरणे आली म्हणून महालांची वाटणी आली. वाटणी आली म्हणून कारकून, फडणीस, पोतनीस आले. आणि कारकून आले तेव्हा त्यांच्यामागे त्यांच्या बायकामुलांच्या गाड्या आणि देवांच्या पेट्याही आल्या.

१७३२ साली बाजीरावांनी माळव्याचे उत्पन्न शिंदे, होळकर आणि पवार यांत वाटून दिले. उदाजी पवार १७३१ मध्ये डभईच्या लढाईत दाभाड्यांच्या बाजूस गेल्यामुळे मागे पडले. धार त्यांचे बंधू आनंदराव यांच्याकडे आले. देवास तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंकडे गेले आणि तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच शहरात नांदली. जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराई येथे निजामाने माळवा देण्याचे कबूल केले. बादशाही मान्यतेचा कागद हाती आला तो १७४१ साली. कब्जा आधी आणि हक्काचा लेख मागाहून, असा हा क्रम आहे. बाजीराव स्वतः तो कागद पाहावयास राहिले नाहीत. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे त्यांचा अंत झाला. ज्या नदीने त्यांच्या सगळ्या हालचालींचे वेळापत्रक ठरविले, तिच्याच तीरावर त्यांची समाधी आहे.

धार आणि देवास ही दोन राज्ये अंतरानेच जन्माला घातली, असे आम्हांस म्हणावयाचे आहे. पुणे जवळ असते तर तेथे मामलेदार नेमले गेले असते; राजे झाले नसते. आणि जे राजे झाले त्यांनी दूर आलेल्या माणसाचा पहिला आधार शोधला तो देवाचा. देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत: थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. आता नकाशा पाहा. तुळजापूर आणि देवास ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. तुळजापूरहून नाकासमोर उत्तरेस सुमारे साडेपाचशे किलोमीटर गेले की देवासच येते. हा निव्वळ योगायोग आहे. पण ज्या पवारांची भवानीवर श्रद्धा, त्यांना आपल्या राजधानीच्या डोक्यावर भवानीचेच नाव ऐकू यावे, यात त्यांना दिलासा वाटला असणार हे उघड आहे.

अंतराची दुसरी बाजू बातमीची. फौज कोसाकोसाने चालते, पण कागद त्याहून वेगाने धावतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेकडे निघाले होते, आणि माळव्यात भेलशाजवळ २४ जानेवारीस त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र लागले, त्यावरून त्यांना सर्वनाशाची वार्ता कळली. सरळ रेषेतही हे अंतर साडेसहाशे किलोमीटर आहे. म्हणजे सावकाराच्या जासुदाने दिवसाला वीस कोसांहून अधिक मजल मारली. बादशहाचे साडेतीन कोस आणि जासुदाचे वीस कोस, या दोन आकड्यांत त्या काळच्या साऱ्या राजकारणाची कक्षा मावते. पण एवढ्या वेगाने आलेली बातमीसुद्धा दहा दिवस उशिराच होती. जी मदत पोहोचावयाची ती पोहोचली नाही. त्या रणात धारचे यशवंतराव पवारही पडले.

जे अंतर मदतीला आड येते तेच कधी आसराही देते. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतरच्या धामधुमीत राघोबादादा पळत फिरत असता आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि तेथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. पुण्याच्या कारभाऱ्यांचा हात जेथे लगेच पोहोचणार नाही असे ठिकाण म्हणून धार निवडले गेले. शेवटचा पेशवा पुण्यात जन्मला नाही; तो या एकशेसाठ कोसांच्या पलीकडच्या टोकाला जन्मला.

येथवर वाचून आमचे काही वाचक विचारतील की, पुण्या-साताऱ्याच्या आणि माळव्याच्या या हिशेबात गोव्याकडील आम्हां कुलदैवतांच्या भक्तांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

अंतर म्हणजे काय हे गोव्याच्या हिंदूंइतके कोणास कळले असेल? श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. १५६० साली महाजनांनी देव तेथून हलविला आणि जुवारी नदीपलीकडे प्रियोळ गावी नेला. सरळ रेषेत हे अंतर आठ किलोमीटरांच्या आसपास आहे. आज मोटारीने हा प्रवास केल्यास देवाचे नामस्मरण सुरू होते न होते तोच संपतो. पण त्या रात्री त्या आठ किलोमीटरांत दोन राज्ये होती. नदीच्या अलीकडे पोर्तुगीज अंमलात मूर्ती फोडण्याचा हुकूम होता; पलीकडे तो हुकूम चालत नव्हता. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर अधिकारक्षेत्राची सीमा त्या पाण्यातून जात होती. केळोशीची शांतादुर्गाही अशीच कवळ्यास आली. अंतर कोसांनी मोजू नये, हुकुमाच्या पोहोचीने मोजावे, हे आमच्या पूर्वजांना मांडूच्या उदाहरणावरून शिकावे लागले नाही.

आता या दोन टोकांना जोडणारा पुरुष पाहू. रामचंद्र मल्हार सुखटणकर, इतिहासात रामचंद्रबाबा शेणवी या नावाने प्रसिद्ध, हे वेंगुर्ल्याजवळच्या अरवलीचे. कुलकर्ण्याच्या घरातील हा बुद्धिमान मनुष्य देशावर गेला, बाजीरावांच्या नजरेत भरला आणि राणोजी शिंद्यांचा दिवाण झाला. शिंद्यांचे ठाणे उज्जैनला. म्हणजे हिशेबाच्या वह्या, महालांच्या वसुलीची पत्रे आणि दरबारची खलबते यांत गढलेला हा सारस्वत गृहस्थ आपल्या कुलदैवतापासून सरळ रेषेतही पावणेनऊशे किलोमीटर दूर होता. आणि तरीही १७३९ साली मंगेशी हे गाव देवस्थानाला पेशव्यांकडून इनाम मिळाले ते त्यांच्या शब्दामुळे. त्याच सुमारास, १७३९ मध्येच, शाहू महाराजांकडून कवळे गाव श्रीशांतादुर्गेला मिळाले. त्यामागे नारोराम मंत्री यांची खटपट होती.

या सालाकडे नीट लक्ष द्यावे. जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईचा करार. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपड्यांची गोव्यावर स्वारी. त्याच वर्षी मे महिन्यात वसई हस्तगत. माळव्याच्या पठारापासून अंत्रुज महालापर्यंत मराठ्यांचा शब्द एका वेळी चालू शकला असे ते दीड वर्ष आहे. त्या शब्दाचा उपयोग एका दूर गेलेल्या भक्ताने आपल्या देवासाठी करून घेतला. माळव्यात जी सत्ता छावणीतून उभी राहिली तिचा एक ओघळ असा थेट मंगेशीच्या तळीपर्यंत आला. दूर गेलेला माणूस देवापासून दूर गेला असे समजू नये, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या ज्योतिषशास्त्राने तर हे अंतर केव्हाच काळात रूपांतरित करून ठेवले आहे. सिद्धांतग्रंथांत मध्यरेषा उज्जैनवरून जाते, आणि इतर स्थळी गणित करताना त्या रेषेपासूनच्या पूर्वपश्चिम अंतराबद्दल जी दुरुस्ती करतात तिला देशांतर संस्कार म्हणतात. मंगेशी उज्जैनच्या पश्चिमेस सुमारे पावणेदोन अंशांहून थोडी अधिक आहे. म्हणजे सूर्य तेथे माथ्यावर येण्यास उज्जैनपेक्षा सुमारे १८ पळे अधिक लागतात. रामचंद्रबाबांच्या कचेरीवर मध्यान्ह झाली की १८ पळांनी मंगेशीच्या देवळावर मध्यान्ह होत असे. सूर्याला १८ पळे आणि माणसाला कित्येक आठवडे, एवढाच फरक!

त्यानंतर वाटा बदलत गेल्या. मुंबई-आग्रा सडकेने नाशिक, धुळे, सेंधवा, खलघाट, महू, इंदूर आणि देवास एका माळेत ओवले. नाशिक-धुळ्याकडे आजही लोक तिला आग्रा रोड म्हणतात. १८७० साली तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडवा-इंदूर रेल्वे बांधून घेतली, आणि नर्मदेवर पूल झाला. ज्या नदीने बाजीरावांना दसऱ्यापर्यंत थांबविले ती आता भर पावसात घटकाभरात ओलांडता येऊ लागली. रेल्वेने मात्र नवे अंतर निर्माण केले. ती इंदूरला आली, धारला आली नाही. संस्थानी काळ संपेपर्यंत धारच्या माणसाला गाडी पकडावयाची तर महूपर्यंत सडकेने जावे लागे. एके काळी सबंध माळव्याची राजधानी असलेले शहर असे आडबाजूला पडले, आणि त्याहून आत असलेला मांडू केवळ पाहण्याचे स्थळ उरला.

विमानाचेही तसेच. होळकर सरकारने १९३५ साली टाटा कंपनीच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्याकरवी बिजासनच्या टेकडीजवळची जागा विमानतळासाठी निवडली. १९४८ च्या जुलैपासून तेथून मुंबई, ग्वाल्हेर आणि दिल्लीकडे विमाने जाऊ लागली. आज त्या विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे. उतरणाऱ्या प्रवाशाला शेजारीच टेकडीवर बिजासन मातेचे देऊळ आहे. गोव्याहून इंदूर हे साडेआठशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर सरळ विमानाने दीड तासाच्या थोडे पलीकडे तुटते. जासुदाच्या वेगाने गेल्यास हेच अंतर सरळ रेषेतही तेरा दिवसांचे होते.

या सोयीबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आजारी आईला पाहावयास जाणाऱ्या मुलाला, किंवा कुलदैवताच्या जत्रेसाठी दोन दिवसांची रजा काढणाऱ्या कारकुनाला, विमान हे वरदानच आहे. परंतु विमानाने एक गोष्ट नाहीशी केली, ती म्हणजे मुक्काम. जहांगीर ७८ ठिकाणी थांबला म्हणून त्याला संन्यासी भेटला. मराठे पावसाळाभर थांबले म्हणून धार आणि देवास झाले. रामचंद्रबाबा थांबले म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत आली. जो थांबला नाही त्याच्या हातून तेथे काही उभे राहिले नाही.

आणि जे उभे राहिले ते आता विरते आहे. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. दरबाराची मोडी दफ्तरे सरकारी कपाटांत गेली. खाजगी घरांतली माळ्यावर राहिली. त्या घरांतील तरुण मंडळी पुण्या-मुंबईस, बंगलोरला आणि परदेशी गेली. दीड तासाच्या विमानाने ती आली आणि संध्याकाळी परतली. आजोबांनी बांधलेल्या छोट्या राममंदिराचा किंवा दत्तमंदिराचा उत्सव कोणत्या तिथीला, त्याचा खर्च कोणत्या इनामातून, ते इनाम कोणी दिले, हे सांगणारा कागद घरात असूनही वाचणारा नाही. न वाचलेला दस्तऐवज पुराव्यात येत नाही, हे कोणीही वकील सांगेल. मंगेशी गावाच्या देणगीची आठवण राहिली, कारण देवस्थानाने ती जपली. माळव्यातील शेकडो लहान देवघरांच्या वाट्याला असे महाजन आले नाहीत.

म्हणून आमची आमच्या वाचकांस एक विनंती आहे. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरावयाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण इंदूरच्या विमानतळावर उतरतील, क्षिप्रेत स्नान करतील, महाकालाचे दर्शन घेतील आणि परततील. त्यांनी आणखी दोन दिवस काढावेत. एक दिवस देवासच्या टेकडीवर तुळजाभवानीसाठी; एक दिवस धार आणि मांडू यांसाठी. मांडूला नीलकंठाचे दर्शन घ्यावे आणि चतुर्भुज रामाच्या मंदिरातही जावे. चार हातांची राममूर्ती अन्यत्र सहसा पाहावयास मिळत नाही. आणि धार-देवासला एखाद्या मराठी घरी चौकशी करावी की, आपल्या देवघराचे कागद कोठे आहेत. ते कागद पाहावयास मिळाले, त्यांची छायाचित्रे घेता आली आणि मोडी जाणणाऱ्या कोणाकडून ती वाचून घेता आली, तर ते पुण्य स्नानाच्या पुण्याहून कमी ठरणार नाही. आमच्या देवस्थानांच्या समित्यांनीही आपल्या दफ्तरांत माळव्याकडून आलेल्या देणग्यांच्या नोंदी शोधाव्यात. रामचंद्रबाबांसारखे दुसरे कोणी तेथे सापडणारच नाही, असे आधीच का समजावे?

एकशेसाठ कोस तोडण्याचे श्रम आता कोणास करावयाचे नाहीत. ते श्रम ज्यांनी केले त्यांची नावे तेवढी कपाटांतून आणि माळ्यांवरून खाली उतरवावयाची आहेत, आणि त्यासाठी दोन दिवसांचा मुक्काम पुरेसा आहे.